दारातलं यंत्र आणि केवटाचे बूट

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडता पडता नर्मदा आडवी येते. तिथेच तिलवारा घाट. वरच्या अंगाला ग्वारीघाट, खालच्या अंगाला लम्हेटा आणि पुढे भेडाघाट. 1939 साली काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरलं होतं. 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थी याच घाटावरून नर्मदेत सोडल्या गेल्या. त्यांचं स्मारक आजही तिथे उभं आहे. पण आसपासच्या माणसांना तिलवारा आठवतो तो संक्रांतीच्या जत्रेसाठी. त्या दिवशी पहाटेपासून माणसं तीळ घेऊन स्नानाला येतात आणि घाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

या घाटावर एक केवट राहत होता. बापाची नाव त्याच्याकडे आली होती आणि तीवरच त्याचं घर चाले. बायको गेलेली, घरात दहा वर्षांची गुड्डी. केवटाची एक ख्याती होती: नावेत कुणाचं काही राहिलं तर ते परत मिळे. पाकीट असो, छत्री असो, कुणाचा चांदीचा छल्ला असो, तो घाटावरच्या चहावाल्याकडे ठेवून देई आणि चहावाला ज्याचं त्याला देई. त्याबद्दल केवट कुणाकडून पैसा घेत नसे.

घाटापासून हाकेच्या अंतरावर नानांचं घर होतं. नानांचे आजोबा नागपूरहून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत कामाला आले. 1904 सालचा तो कारखाना. तेव्हापासून या घराची माणसं तिथेच राबली. नाना तिथून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि तिलवाऱ्याला येऊन राहिले. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेले लोक नदी उजव्या हाताला ठेवून चालतात. त्यामुळे उत्तर तटावरून अमरकंटककडे जाणारे भेडाघाट सोडून तिलवाऱ्याला पोचतात. त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ असतात. मराठी बोलणं कानावर पडलं की नाना त्यांना ओसरीवर बसवून घेत, पायांवर गरम पाणी ओतत आणि पानावर जे असेल ते वाढत.

त्या वर्षी पौषात नगरकडचे एक गृहस्थ आले. पायांना फोड आले होते आणि ताप चढला होता. नानांच्या घरी ते राहिले तेवढे दिवस केवट सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचे पाय चेपून जाई. बरं वाटल्यावर त्यांनी ठरवलं की पुढची वाट अनवाणी चालायची. पायांतले बूट चांगले होते, मुलाने नुकतेच घेऊन दिलेले. ते त्यांनी केवटाच्या हातात ठेवले. केवट नको म्हणत होता. ते म्हणाले, "मैय्याच्या वाटेसाठी मिळालेलं आहे, मैय्याच्या काठावरच राहू दे." नाना तिथेच उभे होते. केवटाने बूट पायांत घातले आणि ते मापाने बरोबर बसले. जन्मात पहिल्यांदा त्याच्या पायांत असे बूट आले होते.

नानांच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू होता. पांढुर्ण्याचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. शहरातल्या कपड्यांच्या आणि बुटांच्या एका मोठ्या दुकानात तो गार्ड होता. दुकानाच्या दारात कमरेपेक्षा उंच असे दोन पांढरे खांब होते. टॅग न काढता वस्तू त्यांच्यामधून नेली की ते वाजत. पोराला त्या खांबांचा फार अभिमान. तो म्हणायचा, "नाना, डोळा फसते, मशीन नाही फसत."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुकानात झुंबड उडाली होती. दुपारी एक बाई गाडीतून उतरल्या. आत पाऊल टाकताच खांब वाजले. शेठ गल्ल्यावरून हसत उठले. "या ताई, या! मशीनला काय कळतंय, कुणालाही पाहून ओरडतं." बाई हसल्या आणि आत गेल्या. जाताना खांब पुन्हा वाजले. शेठनी हात हलवला, पोराने दार उघडून धरलं आणि गाडी निघून गेली.

संध्याकाळी केवट आला. बरोबर गुड्डी होती. जत्रेच्या आधीच्या आठवड्यात नावेवर चार पैसे जमले होते आणि थंडीही कडक होती. गुड्डीला स्वेटर घ्यायचा म्हणून तो पहिल्यांदाच त्या दुकानाची पायरी चढला. दोघं आत शिरली तेव्हा खांब वाजले. त्याच वेळी एक कुटुंब बाहेर पडत होतं. पोराने त्यांच्या पिशव्यांकडे एक नजर टाकली, बिलं पाहिली आणि त्यांना जाऊ दिलं. आत येणाऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

गुड्डीने लाल स्वेटर निवडला. केवटाने पैसे मोजून दिले. काउंटरवरच्या मुलाने टॅग काढला, बिल फाडलं आणि स्वेटर पिशवीत घातला. गुड्डी पिशवी छातीशी धरून बापाच्या पुढे चालत होती. ती खांबांमधून गेली तेव्हा काही झालं नाही. मागून केवट गेला आणि खांब वाजले.

पोराने त्याचा दंड धरला. बिल पाहिलं, ते बरोबर होतं. पिशवी पाहिली, स्वेटरला टॅग नव्हता. पुन्हा नेलं, पुन्हा आवाज. लोक थांबले. शेठ आले आणि म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. अंगावर काहीतरी आहे. शोध."

भर दुकानात केवटाची घोंगडी काढली, सदरा काढला, कमरेचा करगोटासुद्धा चाचपला. काही निघालं नाही. मग कुणीतरी बुटांकडे बोट दाखवलं. "नाववाल्याच्या पायांत असे बूट?" बूट काढून खांबांमधून नेले आणि खांब वाजले. लोकांच्या तोंडून "हां!" निघालं.

केवट सांगत होता, "परकम्मावाले बाबा ने दिए हैं, साहब. आते समय भी बजा था, इनसे पूछ लो." तो पोराकडे हात करून सांगत होता. पण त्याचं वाक्य पुरं होण्याआधी कुणीतरी हसे, कुणीतरी दटावे. शेठ म्हणाले, "पोलीस बोलावत नाही, उपकार समज. बूट इथे ठेव आणि चालू लाग."

केवट अनवाणी पायरी उतरला. गुड्डी मात्र परत आत गेली. तिने लाल स्वेटरची पिशवी काउंटरवर ठेवली, पैसे मागितले नाहीत आणि बापाच्या मागे निघून गेली.

रात्री पोरगा घरी आला तो आनंदातच. "नाना, आज मी चोर पकडला! शेठ म्हणे, पगारात पाहू. आपल्या घाटावरचाच केवट निघाला तो. त्याच्या पायांतले बूट..."

नाना जेवत होते. बूट म्हणताच त्यांचा हात थांबला. "ते बूट माझ्यासमोर, या ओसरीवर त्याला मिळालेत," ते म्हणाले. "ज्यांनी दिले ते नगरचे. दुकानात उभं राहून पैसे मोजून घेतलेले बूट आहेत ते."

पोराचा चेहरा उतरला. पण लगेच तो म्हणाला, "मग मशीन काऊन वाजलं? मशीन तर खोटं बोलत नाही."

"मशीन खरंच बोललं. तुम्ही काय ऐकलं ते पाहू. चल माझ्याबरोबर."

नानांनी त्याला रस्त्यावरच्या विजेच्या खांबाखाली नेलं. वरच्या ट्रान्स्फॉर्मरचा 'हूं' असा आवाज रात्रीच्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होता. "हा का गुणगुणतो, माहीत आहे? आत लोखंडाच्या पट्ट्या आहेत. चुंबकाचा जोर बदलला की लोखंड अगदी किंचित, डोळ्याला दिसणार नाही इतकं, लांबीला कमी-जास्त होतं. जूल नावाच्या शास्त्रज्ञाने 1842 साली ते शोधून काढलं. विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं होतात आणि दर आवर्तनात पट्टी दोनदा ताणली जाते, म्हणून हा सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. तोच हा आवाज. तुझ्या टॅगमध्ये हेच चालतं."

मग ते त्याला घाटावरच्या शंकराच्या देवळात घेऊन गेले. पुजारी दार लावायच्या तयारीत होता. नानांनी घंटेला एक टोला दिला आणि हात मागे घेतला. घंटा वाजत राहिली.

"आता नीट ऐक. तुझ्या त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चपट्या टॅगमध्ये, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, धातूची एक पातळ फीत सुटी ठेवलेली असते. वितळलेला धातू इतक्या झटक्यात थंड करतात, सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगाने, की त्याला स्फटिक बांधायला सवड मिळत नाही. तो काचेसारखा अस्ताव्यस्त गोठतो. अशी फीत चुंबकाच्या इशाऱ्यावर फार चांगली नाचते. तिच्या शेजारी दुसरी एक पट्टी असते, ती बारीकसं चुंबक. त्या चुंबकामुळे फितीचा सूर ठरतो: सेकंदाला 58 हजार कंपनं. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही, पण खांबाला येतं."

"मग खांब काय करते?"

"मी आत्ता घंटेचं केलं तेच. खांब त्याच सुराची एक छोटीशी लहर सोडतो, सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढी. आणि लगेच गप्प होतो. हे ध्यानात ठेव, तो गप्प होतो. कारण आपलाच आवाज चालू असला तर दुसऱ्याचा ऐकू येणार कसा? तो थांबला की त्या शांततेत टॅग असेल तर एकटा वाजत राहतो आणि खांबाला तो कळतो. बरं, एकदा ऐकून खांब ओरडत नाही. पुन्हा लहर सोडतो, पुन्हा गप्प होतो, असं सेकंदाला 50 ते 90 वेळा. सूर तोच आहे का, योग्य वेळी आला का, पुरेसा मोठा आहे का, आणि दर खेपेला तसाच येतोय का, या चारही गोष्टी जुळल्या तरच तो वाजतो."

पोरगा घंटेकडे पाहत राहिला. तिचा नाद आता संपत आला होता.

"अजून एक," नाना म्हणाले. "टॅग जागा आहे की निजला आहे, एवढंच त्या खांबाला कळतं. काउंटरवरच्या पॅडवरून टॅग फिरवला की शेजारच्या पट्टीचं चुंबकत्व जातं, फितीचा सूर बदलतो आणि खांबाला ती ऐकू येत नाही. पॅडवरून फिरवायचं राहून गेलं की टॅग जागाच राहतो. बुटाचा टॅग पुष्कळदा आतल्या सोलखाली घालतात. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तो जागा टॅग कुणाचा, कुठल्या दुकानाचा, पैसे दिलेला की न दिलेला, यातलं काहीही खांबाला ठाऊक नसतं. म्हणजे खांब एवढंच म्हणाला की इथे एक जागा टॅग आहे. चोर हा शब्द त्याने उच्चारला नाही. तो तुम्ही उच्चारलात."

पोराने मान खाली घातली. नानांनी विचारलं, "आज आणखी कुणासाठी वाजलं होतं?"

त्याने जरा वेळ घेतला. मग गाडीतून आलेल्या बाईंचं सांगितलं. येताना वाजलं, जाताना वाजलं, शेठ हसले, आपण दार उघडून धरलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच काही सुचलं आणि तो थांबला.

"नाना... केवट आत आला तेव्हाही वाजलं होतं. मले आठवते. बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या मी पाहत होतो. तो सांगतही होता मले, आते समय भी बजा था. येताना वाजलं म्हणजे टॅग त्याच्या अंगावर बाहेरूनच आला होता. तेवढ्यावरच सुटत होतं सगळं."

"मग का नाही सुटलं?"

"आम्ही सगळेच बोलत होतो," पोरगा म्हणाला.

अशी यंत्रं दुकानांत आली त्यामागे खरी गरज होती. लोकांनी स्वतः हाताळून वस्तू निवडायची, अशी मोठाली दुकानं अमेरिकेत वाढली तशी उचलेगिरीही वाढली. 1960 च्या दशकात तिथे अशी फाटकं बसू लागली. 58 हजार कंपनांची ही तऱ्हा 1980 च्या दशकात आली. त्याच्याही आधी, 1934 साली, पिकार नावाच्या फ्रेंच माणसाने पुस्तकांत धातूची पट्टी ठेवून वाचनालयातली चोरी पकडण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. या फाटकांमुळे कपडे आणि पुस्तकं कुलपात न घालता गिऱ्हाइकाच्या हातात देता येतात. प्रत्येकाकडे चोर म्हणून बघावं लागू नये, विश्वासाने दार उघडं ठेवता यावं, यासाठी त्या खांबांचा उपयोग. तोच उपयोग त्या संध्याकाळी उलटा झाला होता.

संक्रांतीच्या सकाळी पोरगा नानांना घेऊन दुकानात गेला. शटर नुकतंच वर गेलं होतं. जप्त केलेले बूट गल्ल्याखाली पडले होते. पोराने डाव्या बुटातला सोल नखाने उचलला. खाली पांढरा, चपटा टॅग चिकटलेला होता. त्याने तो सोडवला आणि बूट खांबांमधून नेले: शांत. नुसता टॅग नेला: खांब वाजले. मग त्याने माल भरणाऱ्या मुलाला बोलावून विचारलं. ज्या कंपनीचे ते बूट होते, त्या कंपनीचा माल दुकानात कधी आलाच नव्हता. काल हे विचारायला एक मिनिट पुरलं असतं.

शेठ मनाने वाईट नव्हते. त्यांनाही लागलं. ते म्हणाले, "देऊन ये बूट. पाचशे रुपयेही दे हातावर."

नाना म्हणाले, "शेठजी, काल तुम्ही त्याचे पैसे हिरावले नव्हते. जे घेतलंत ते परत करा."

"म्हणजे माफी? चार लोकांत? दुकानाचं नाव काय राहील, नाना?"

"काल चार लोकांत त्याचं नाव काय राहिलं, याचा विचार करा. तुमच्या मालाला टॅग आहे, म्हणून तो दारातून गेला की वाजतं. माणसाच्या अब्रूला टॅग नाही. ती या दारातून गेली आणि खांबांना कळलंसुद्धा नाही. तिची राखण दारावरच्या माणसालाच करायची असते."

शेठ बोलले नाहीत. पोराने टोपी काढून गल्ल्यावर ठेवली. "शेठ, ठेवायचं तर ठेवा, नाही तर काढून टाका. पण मी आज तिकडे जातो." लाल स्वेटरची पिशवी आणि बूट उचलून तो निघाला.

घाटावर जत्रा भरात होती. केवट नाव लावून बसला होता, पाय अनवाणी. आदल्या रात्रीच्या गोष्टीला पाय फुटले होते. दुकानात हजर असलेल्यांपैकी कुणीतरी घाटावर सांगितलं होतं आणि सकाळपासून दोन कुटुंबं त्याची नाव सोडून दुसरीकडे गेली होती. चहावाल्याकडे वस्तू ठेवणारा हाच तो केवट, हे लोक एका रात्रीत विसरले होते.

पोरगा नावेपाशी गेला आणि मोठ्याने बोलू लागला, आसपासच्यांना ऐकू जाईल असं. "काल दुकानात यांना चोर म्हणणारा मी. हे चोर नाहीत. बूट यांचेच. टॅग दुसऱ्या दुकानाचा, तिथे काढायचा राहिलेला. हे आत येतानाही मशीन वाजलं होतं, हे मला सांगत होते, आणि मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." मराठीतून बोलून झाल्यावर तेच त्याने हिंदीतूनही सांगितलं, म्हणजे कुणी ऐकायचं राहू नये.

तो केवटाच्या पाया पडायला वाकला. केवटाने त्याला वरच्या वर धरलं. म्हणाला, "मेरा क्या है भैया, नदी है, चल जाएगा. माफी इससे माँगो. इसने देखा है."

गुड्डी नावेच्या टोकाला बसली होती. पोरगा गुडघ्यावर बसला आणि स्वेटरची पिशवी तिच्यासमोर धरली. तिने पिशवीला हात लावला नाही. त्याच्याकडे पाहून विचारलं, "फिर बजा तो?"

पुन्हा वाजलं तर काय करणार? पोराजवळ उत्तर नव्हतं. नोकरी आहे की नाही हेच त्याला माहीत नव्हतं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "शेठला विचारून येतो."

हा प्रश्न तो तसाच्या तसा दुकानात घेऊन गेला. शेठ गल्ल्यावर बसले होते. पोराची टोपी जिथे ठेवली होती तिथेच होती. पोराने सगळं सांगितलं आणि शेवटी मुलीचा प्रश्न सांगितला. शेठना पाचशे रुपयांत मिटवता येईल असं ते काही नव्हतं. त्यांनाही मुलगी होती. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "तू सांग, काय करायला हवं?"

"खांब करतो तेच," पोरगा म्हणाला.

तेव्हापासून त्या दुकानात नियम ठरला. खांब वाजले की गार्डने आधी काहीही बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. माणसाला नम्रपणे बाजूला घ्यायचं, गर्दीपासून दूर. तो काय सांगतो ते मध्ये न बोलता पुरतं ऐकायचं. मग पहिला संशय स्वतःवर घ्यायचा: आपल्या काउंटरवर टॅग काढायचा राहिला का, येतानाही वाजलं होतं का, ही वस्तू आपल्याकडे विकली तरी जाते का. पिशवी, बूट, कोट त्या माणसानेच एकेक करून खांबांमधून न्यायचे. आणि हा सगळा नियम गाडीतून उतरणाऱ्याला आणि पायी येणाऱ्याला एकसारखा.

पुढच्या रविवारी, दुकान भरलेलं असताना, शेठनी केवटाला आणि गुड्डीला बोलावून घेतलं. ते स्वतः दारात उभे राहिले. बुटातून काढलेला तो टॅग त्यांनी गुड्डीच्या हातात दिला आणि म्हणाले, "जा बेटी, आत ये." ती खांबांमधून गेली आणि खांब वाजले. सगळं दुकान वळून पाहू लागलं. शेठ दोन्ही हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपण जरा बाजूला याल का? आमच्याकडूनच काही राहिलं असेल, पाहून घेतो." मग केवटाकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला क्षमा करा."

गुड्डीने तो टॅग काउंटरवरच्या पॅडवर ठेवला. पोराने तिला सांगितलं तसा हळूच फिरवला. पुन्हा खांबांमधून गेली. या वेळी काही वाजलं नाही. मग तिने लाल स्वेटर मागून घेतला आणि तिथेच अंगात घातला.

चोरी होते आणि तिला आळा घालायलाच हवा. दुकानदाराचा माल हीही कुणाच्या तरी घामाची कमाई असते. म्हणून दारावर पहारा असावा, यंत्र असावं, संशय आला तर विचारावंही. पण यंत्र शोधणाऱ्यांनी त्यात जी रीत घालून ठेवली आहे, ती आपण वापरतो तेव्हा विसरतो. ते यंत्र बोलल्यावर थांबतं. थांबल्यावर ऐकतं. ऐकलेलं पुन्हा पुन्हा पडताळतं. आणि समोर कोण आहे, त्याच्या पायांत काय शोभतं, त्याच्यामागे गाडी उभी आहे की नाही, हे ते बघत नाही. माणसाने यंत्रापेक्षा जास्त शहाणं असावं ही अपेक्षा आहे. निदान तेवढं तरी असायला काय हरकत आहे?

तात्पर्य: संशय आला की आधी आपला आवाज बंद करावा, मग समोरच्याचा ऐकावा. एका खुणेवर कुणाला चोर ठरवू नये, आणि जो कस गरिबाला लावला तोच श्रीमंतालाही लावावा. चार लोकांत घेतलेली अब्रू परत करायची तर ती चार लोकांतच करावी लागते.